श्वासाचं देणं

दमा जुना झाला, दोन-तीनदा दवाखान्यात भरती होऊन झालं आणि रक्ताच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड साचलेला निघाला, की छातीचे डॉक्टर घरी बायपॅप यंत्र घ्यायला सांगतात. रात्री झोपताना नाकातोंडावर मास्क बांधायचा, यंत्र सुरू करायचं, सकाळी काढून ठेवायचं. सल्ला एवढाच असतो. पण एरंडोल-पारोळ्याकडच्या एखाद्या घरात तो पोचला की नुसता वैद्यकीय राहत नाही. कोणी म्हणतं, देवाने मोजून दिलेले श्वास यंत्राने कसे वाढतील? कोणी म्हणतं, असं उसन्या श्वासावर जगण्यात काय राम आहे? आणि जिच्यासाठी यंत्र आणायचं ती बहुतेकदा म्हणते, माझं आता काय राहिलंय, माझ्यापायी पैसा घालू नका. तिन्ही बोलण्यांचा रोख एकाच दिशेला असला तरी त्यांचे विषय वेगळे आहेत. पहिलं दैवाबद्दल आहे, दुसरं स्वतःच्या बळावर जगण्याबद्दल, तिसरं देण्याघेण्याबद्दल. धर्माच्या नावाने चर्चा होते ती पहिल्या दोहोंची. ती दोन्ही बोलणी धर्मग्रंथांच्याच कसोटीवर टिकत नाहीत आणि खरा धर्मप्रश्न तिसऱ्यात दडलेला आहे, असं मला वाटतं. म्हातारी घराचं देणं लागते की घर तिचं, हा तो प्रश्न.

आधी यंत्र काय करतं ते नीट पाहायला हवं, कारण निम्मे आक्षेप ते न पाहता घेतले जातात. लोक ज्याला सरसकट दमा म्हणतात त्यातला मोठा भाग सीओपीडीचा असतो. त्यात फुप्फुसांतल्या नळ्या आक्रसतात, आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही आणि छाती फुगलेलीच राहते. जागेपणी असा माणूस मान, खांदे, बरगड्यांमधले स्नायू असं सगळं कामाला लावून श्वास ओढतो. म्हणून तो गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसलेला दिसतो. झोपेच्या ज्या टप्प्यात स्वप्नं पडतात त्या टप्प्यात शरीर हे सगळे स्नायू सैल सोडतं. काम एकट्या श्वासपटलावर येऊन पडतं, आणि ते तर फुगलेल्या फुप्फुसांनी आधीच दाबून सपाट केलेलं असतं. मग रात्रभर कार्बन डायऑक्साइड साचत जातो. सकाळी डोकं जड होतं, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो, बोलणं तुटक आणि भलतंच होतं, आणि घरातले म्हणतात, म्हातारीला चळ लागला. बायपॅप ऑक्सिजनचं यंत्र नाही. ते साध्या हवेचा दाब देतं. श्वास आत घेताना तो वीस सेंटिमीटर पाण्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त ठेवतात, सोडताना चार-पाचावर आणतात. म्हणजे श्वास माणूसच सुरू करतो, यंत्र त्याला मागून टेकू देतं. झोपेत श्वास फारच मंदावला तर ठरवून दिलेल्या गतीने यंत्र पुढाकार घेतं. हे सुखाचं असतं असं मुळीच नाही. नाकाच्या दांड्यावर मास्कचा वळ उठतो, कधी तिथे जखम होते, तोंडाला कोरड पडते, पोटात हवा भरून पोट तडतडतं. कवळी काढून ठेवली की गाल आत जातात, मास्क कडेने सैल पडतो आणि रात्रभर हवेचा झोत डोळ्यात जातो. या शेवटच्या गोष्टीमुळे पहिल्याच आठवड्यात यंत्र कपाटावर जाऊन बसतं, आणि सगळे समजतात की तिला जगायचंच नाही.

एवढा त्रास सोसून मिळतं काय, याचा पुरावा आहे, आणि तो एकरंगी नाही. २०१४ साली जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार स्थिर असलेल्या पण रक्तात कार्बन डायऑक्साइड कायम चढलेल्या लोकांना रोज निदान सहा तास, चांगल्या दाबाने यंत्र लावलं. वर्षभरात त्यांच्यातले १२ टक्के गेले. यंत्र न लावलेल्यांतले ३३ टक्के. २०१७ साली ब्रिटनमधल्या ११६ रुग्णांच्या अभ्यासात नुसत्या ऑक्सिजनवरचे रुग्ण साधारण दीड महिन्यातच पुन्हा दवाखान्यात पोचत होते किंवा दगावत होते. ऑक्सिजनला यंत्राची जोड मिळालेल्यांना सव्वाचार महिने मिळाले. पण त्याच २०१४ सालच्या एका डच अभ्यासात फायदा दिसला नाही. तिथे तीव्र झटका ओसरताक्षणी यंत्र दिलं होतं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा कार्बन डायऑक्साइड काही आठवड्यांत आपोआप उतरला असता. त्याआधी २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात तर यंत्र लावलेले लोक थोडे जास्त जगले, पण आपल्या जगण्याबद्दल ते इतरांहून जास्त नाराज होते. तिथे दाब कमी ठेवला होता. हा ऑस्ट्रेलियाचा निष्कर्ष आपल्या प्रश्नासाठी मोलाचा आहे. आयुष्य लांबवणं आणि आयुष्य देणं या दोन गोष्टी एकच नव्हेत, आणि यंत्र योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य दाबाने लावलं तरच त्या एकत्र येतात. तेव्हा यंत्राची भलामण सरसकट करता येत नाही. पुढचं सगळं म्हणणं ज्यांना ते खरोखर लागू पडतं त्यांच्यापुरतं आहे.

आता मोजून दिलेल्या श्वासांकडे. ही समजूत नुसती गावगप्प नाही. हठयोगाच्या परंपरेत माणूस अहोरात्रात २१,६०० श्वास घेतो असा हिशेब आहे, आणि प्रत्येक श्वासाबरोबर आपोआप चालणाऱ्या जपाला अजपाजप म्हटलं आहे. भागाकार केला तर मिनिटाला पंधरा येतात, आजचा डॉक्टरही निरोगी माणसाचा साधारण तेवढाच आकडा सांगेल. श्वासांची पुंजी ठरलेली आहे असं मानणारी हीच परंपरा पुढे सांगते, की श्वास सावकाश आणि खोल केला तर पुंजी जास्त पुरते. प्राणायामाने आयुष्य वाढतं या श्रद्धेमागे हेच गणित आहे. म्हणजे ठरलेल्या श्वासांचं तत्त्व मानणाऱ्यांनीच आयुष्य वाढवायची वाट खुली ठेवली आहे. सीओपीडीचा माणूस पडल्यापडल्या मिनिटाला पंचवीस श्वास घेत असला तर आठ तासांच्या रात्रीत बारा हजार खर्ची पडतात. दाबाच्या आधाराने तो पंधरावर आला तर सात हजार दोनशे. त्यांच्याच वहीत पाहिलं तर मास्क उधळपट्टी थांबवतो. हा हिशेब मी वैद्यकीय म्हणून मांडत नाही, फुप्फुस असं चालत नाही. पण आक्षेप ज्या जमिनीवर उभा राहून घेतला जातो ती जमीन आक्षेप घेणाऱ्याच्या पायाखाली नाही, एवढं यातून दिसतं. शिवाय दैव इतकं काटेकोर असेल तर त्याच हिशेबात यंत्रही आलेलं असणार. विहिरीला पंप बसवताना कोणी नशिबात लिहिलेल्या पाण्याचा प्रश्न काढत नाही.

उसन्या श्वासाचा आक्षेप जास्त खोल आहे, कारण तो देव न मानणाऱ्यालाही टोचतो. माणूस आपल्या बळावर जगतो तोवर त्याचं जगणं त्याचं. नळी लागली, पट्टा लागला, की ते परक्याचं. पण श्वास कधी आपल्या बळावरचा होता? हात उचलायचा तर ठरवावं लागतं, श्वासाला ठरवावं लागत नाही. जागेपणी क्षणभर तो हाती धरता येतो, रोखता येतो. झोप लागली की तेवढीही सत्ता राहत नाही. कठोपनिषदात यम नचिकेत्याला सांगतो त्याचा आशय असा, की कोणीही मर्त्य प्राणाने किंवा अपानाने जगत नाही. ही दोन्ही ज्याच्या आश्रयाला आहेत त्या वेगळ्याच कशाने तो जगतो. उपनिषद हे आत्म्याबद्दल बोलत आहे, हवेच्या पंपाबद्दल नाही, हे उघड आहे. पण श्वास ही माझी कमाई आहे, त्यात दुसऱ्याचा हात लागला की मी उणा झालो, हा अहंकार त्या एका विधानाने गळून पडतो. मास्क नेमका त्या तासांत बांधला जातो, जेव्हा श्वासात माझं कर्तेपण मुळातच नसतं. यंत्राने माझं काही हिरावलं म्हणायचं तर आधी ते माझं असायला हवं. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रबरी पिशवी हाताने दाबत, लुळ्या पडलेल्या मुलांना महिनोन्‌महिने श्वास दिला. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तिथला. त्या मुलांचा श्वास उसना होता का? होताच. पण त्यामुळे त्यांचं जगणं हलकं ठरलं असं म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही. मग उशाशी ठेवलेलं यंत्र पाहूनच ती का रेटते? माझा तर्क असा, की तिथे देणाऱ्याचा हात दिसतो आणि इथे फक्त खर्च दिसतो.

म्हणजे आपण खर्चाशी आलो, आणि खर्चाबरोबर ऋणाशी. सीओपीडी म्हटलं की बिडी-सिगारेट आठवते. पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीचा आढावा घेतला, त्यात मांडलेली तुलना डोळे उघडणारी होती: जगात धूम्रपान करणारे शंभर कोटींच्या आसपास, आणि लाकूड, काडीकचरा, शेण यांच्या धुरात श्वास घेणारे सुमारे तीनशे कोटी. २०१६ साली भारतात या आजाराचे साडेपाच कोटींच्या घरात रुग्ण असल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या ज्या बायकांनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही, त्यांच्या छातीत काय गेलं ते खानदेशात वेगळं सांगायला नको. कापूस वेचून झाला की उरलेली पऱ्हाटी उपटून, मोळ्या बांधून घराशी रचायची, तीच वर्षभराचं सरपण. ती भुरकन पेटते, भुरकन विझते, म्हणून चुलीपुढून हलता येत नाही. विझायला आली की फुंकणी तोंडाला लावायची, छातीतला सगळा श्वास चुलीत घालायचा आणि पुढचा श्वास धुरातूनच घ्यायचा. ज्या भरितावर आपण अभिमानाने बोलतो, हिवाळ्यात पाहुणे बोलावून ज्याच्या पार्ट्या करतो, त्या वांग्यांना चव येते ती कपाशीच्या काड्यांवर भाजल्याने. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापराची पुरणपोळी हवी, म्हणजे वैशाखाच्या उन्हात पालथ्या खापराखाली जाळ घालून त्यापुढे बसणारी कोणी तरी हवी. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर आले, चहा-भाजी गॅसवर गेली. आंघोळीचं पाणी, खापर आणि भरीत बऱ्याच घरांत चुलीवरच राहिलं.

आखाजीचंच पाहा. तो पितरांचा सण. घागर भरायची, आगारी टाकायची, खापराची पोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. मेलेल्यांचं ऋण वर्षातून एकदा आठवणीने फेडायचं. आणि ते फेडण्यासाठी जो धूर होतो तो जिवंत बाईच्या छातीत जातो. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणं सगळ्यांना पाठ असतात. शतपथ ब्राह्मणात चौथं सांगितलं आहे, मनुष्यऋण: माणूस जन्मतःच माणसांचंही देणं लागतो, आणि ते जेवू घालून, आसरा देऊन फेडायचं असतं. हे चौथं ऋण आपल्या बोलण्यातून गळालं याचं कारण मला साधं वाटतं. मेलेल्यांचं देणं पत्रावळीवर फिटतं, जिवंत माणसाचं रोज फेडावं लागतं. बायपॅपची किंमत ऐकून जे घर हबकतं, तेच घर पुढे मृत्यूनंतरच्या गंधमुक्तीच्या जेवणावळीला तितकाच किंवा त्याहून जास्त खर्च न कुरकुरता करतं. हे ढोंग आहे असं मी म्हणत नाही. ऋणाची जाणीव आहे. ती चुकीच्या पानावर मांडली गेली आहे. ज्या श्वासावर घराचा स्वयंपाक चाळीस-पन्नास वर्षं चालला, तो घराने तिच्याकडून घेतला होता. यंत्राचा श्वास उसना म्हणायचा असेल तर आधीची उचल कोणाच्या नावावर आहे ते पाहावं लागेल.

एरंडोलमध्ये हा विचार करायला एक जुनी जागा आहे. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावरचं, अंजनीकाठचं हे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, अशी परंपरा सांगते. गावात पांडववाडा आहे, पद्मालयाजवळ भीमकुंड दाखवतात. बंगालातलं एकचक्रा आणि बिहारमधलं आरा हीही नावं या मानासाठी पुढे येतात. ते भांडण इतिहासकारांनी सोडवावं. आदिपर्वातली ही कथा लहानपणी ऐकताना आपल्याला गाडाभर भात आणि भीमाचं खाणं आठवतं. पण त्या कथेचा गाभा राक्षसवध नाही, एका घरातला वाद आहे. बकासुराची पाळी पांडव ज्यांच्या घरी राहत होते त्या ब्राह्मणावर येते. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस द्यायचा. कोणी जायचं यावर घर रडत रडत युक्तिवाद करतं. नवरा म्हणतो, बायकोला कसं देऊ, मुलीला कसं देऊ, त्यापेक्षा सगळेच मरू. बायको म्हणते, मी जाते. ज्यासाठी बायको करायची ते तुम्हाला मिळालं, मुलगी झाली, मुलगा झाला, माझं ऋण फिटलं. मुलगी म्हणते, मला कधी तरी दुसऱ्याच्या घरी द्यायचीच आहे, मग आजच द्या. बोबडा लहानगा गवताची काडी हातात घेऊन म्हणतो, मी हिने राक्षसाला मारतो. या सगळ्यात बायकोचं बोलणं आपल्या ओळखीचं आहे. माझं आता काय राहिलंय, हे तेच बोलणं. ती स्वतःच्या देण्याचा हिशेब चोख मांडते आणि शिल्लक शून्य काढते. तिला काय येणं आहे याचा हिशेब त्या घरात कोणीच करत नाही, ती स्वतःही नाही.

तो हिशेब कुंती करते, आणि बाहेरची असून करते. या घराने आपल्याला आसरा दिला, तेव्हा आपण याचं देणं लागतो, असं म्हणून ती भीमाला पाठवायचं ठरवते. ब्राह्मण आधी नाकारतो. आश्रयाला आलेल्याचा जीव देऊन मी वाचणार नाही, म्हणतो. धर्मराजही आईला एकांतात धारेवर धरतो: ज्याच्या बाहूंच्या भरवशावर आपण रात्री निर्धास्त झोपतो, त्याला परक्यासाठी पणाला लावायचं हा कुठला धर्म? हा आक्षेप खरा आहे, आणि तो आजच्या घरातही खरा आहे. नातवाची फी भरायची की आजीचं यंत्र घ्यायचं, हे विचारणाऱ्या मुलाला स्वार्थी म्हणून गप्प करता येत नाही. कुंतीही धर्मराजाला तसं गप्प करत नाही. ती म्हणते, हा निर्णय मी लोभाने किंवा मोहाने घेतलेला नाही. भीम मांडीवरून खाली पडला तेव्हा खडक फुटला तो मी पाहिला आहे, वारणावतातून त्याने आपल्या सगळ्यांना उचलून आणलं तेही पाहिलं आहे. म्हणजे ती पुरावा देते. ती मुलगा बळी देत नव्हती. जो परत येईल याची खात्री होती त्याला पाठवत होती. ऋण फेडताना पुरावा मागणं हे कुंतीला अधर्माचं वाटलं नाही, आपल्यालाही वाटू नये. ज्याला यंत्राचा उपयोगच नाही त्याच्यासाठी कर्ज काढणं हे ऋण फेडणं नव्हे. रक्तातला वायू तपासून, योग्य माणसासाठी ते घेणं हे मात्र आहे. भीम वायूचा मुलगा, हा योगायोग कोणाच्याही लक्षात येईल. मी त्यावर काही उभारत नाही.

यावर एक रोखठोक प्रश्न येतो. चुलीपुढे बसलेल्या बाईचं ठीक, पण ज्याने चाळीस वर्षं आपल्या हौसेने बिडी ओढली, त्याचं घराने काय देणं लागायचं? खरं सांगायचं तर ऋणाचा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. जिनिंगमध्ये सरकी-कापसाच्या धुळीत काम केलेल्याचं, शेतात राबलेल्याचं घराने काही देणं लागतंच. तरी बिडी त्याची त्याने ओढली. पण कुंतीने कारणं दोन दिली होती. पहिलं उपकाराची फेड. दुसरं असं, की संकटातल्याला वाचवणं हा स्वतंत्र धर्म आहे, त्याची लायकी त्यात मोजायची नसते. बकासुराच्या नगरीत राहू नये, इथून निघून जाऊ, असं बायकोला वारंवार सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही, अशी तक्रार तो ब्राह्मणही करतो. म्हणजे त्या घरानेही सावधगिरीचा सल्ला डावलला होता. कुंती तो मुद्दा काढतसुद्धा नाही. बिडीवाल्याला यंत्र मिळावं ते या दुसऱ्या कारणाने. कारण दुबळं नाही, फक्त ऋणाइतकं बांधून टाकणारं नाही, आणि दोन्हींची गल्लत करू नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप विनोबा भावे यांच्या उदाहरणातून येतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. गीतेच्या चौथ्या अध्यायात प्राणात अपानाचं आणि अपानात प्राणाचं हवन करणाऱ्यांचा उल्लेख आहे. श्वास हाच तिथे यज्ञ. त्याच विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, हृदयविकारानंतर अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि १५ तारखेला पवनारला देह ठेवला. जैनांची सल्लेखना याच्याच जवळची. जे गळू लागलं आहे त्याला धरून ठेवू नये, ही शिकवण खरी असेल तर पट्ट्याने बांधलेला श्वास हा आसक्तीचाच नमुना ठरत नाही का? मी या त्यागाकडे आदराने पाहतो, आणि म्हणूनच तो स्वस्तात कोणाच्या नावावर लावू नये असं म्हणतो. विनोबांना औषध उपलब्ध होतं, देणारे हात जोडून उभे होते, आणि त्यांनी स्वतः नको म्हटलं. त्याग होण्यासाठी आधी हातात काही असावं लागतं. जिला कोणी यंत्र कधी देऊ केलंच नाही, जिच्या वतीने तिच्या मुलाने दवाखान्याच्या व्हरांड्यात नको म्हटलं, तिने काही सोडलेलं नाही; तिला ते मिळालेलं नाही. तिच्या मरणाला पुढे शांत, समाधानी म्हणणं ही विनोबांच्या त्यागाचीही चेष्टा आहे.

शिवाय विनोबांचं डोकं निर्णयाच्या वेळी स्वच्छ होतं. इथे आजाराची एक गोष्ट तत्त्वज्ञानाच्या आड येते. कार्बन डायऑक्साइड साचला की गुंगी येते, उमेद जाते, कशातच अर्थ वाटेनासा होतो. त्या अवस्थेतून आलेलं ‘नको’ वैराग्यातून आलं की वायूतून, हे बाहेरच्याला कळत नाही आणि आतल्यालाही कळत नाही. म्हणून नकार मानायचा असेल तर तो विचारण्याची वेळ बदलावी लागते. उपचार नाकारायचा हक्क तिला आहेच; ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आधी लिहून ठेवलेल्या इच्छेलाही मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. पण हक्क वापरायला शुद्ध लागते, आणि या आजारात ती शुद्ध काही काळ तरी यंत्रच आणून देऊ शकतं. महिनाभर मास्क नीट मापाचा घेऊन, कवळीचा आणि गळतीचा प्रश्न सोडवून, लाईट जाते त्या घरी इन्व्हर्टर लावून यंत्र चालवावं. रक्त पुन्हा तपासावं. आणि मग एका सकाळी, डोकं हलकं असताना, चार माणसांसमोर न विचारता एकटीला विचारावं. घराच्या खर्चाचा विषय तेव्हा काढू नये, कारण तो काढला की ती पुन्हा आपल्याच देण्याचा हिशेब करायला बसेल. एवढं झाल्यावरही ती नको म्हणाली, तर यंत्र परत करावं.